दोन व्होल्टांचा हिशेब

घरच्या हाय-फायसाठी डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चिपचा. ईएसएसची की एकेएमची? मग बिट किती, किलोहर्ट्झ किती. माझ्या मते पहिला प्रश्न व्होल्टचा हवा. डॅकमधून किती व्होल्ट बाहेर येतात, पॉवर अँपला किती लागतात आणि मधे किती कमी करावे लागतात, एवढं कागदावर मांडलं की प्रीअँप हवा का, हवा तर कसला, आणि डॅकवर किती खर्च करायचा, हे प्रश्न बरेचसे सुटतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाण्याआधी हा हिशेब घरी करून जावा.

रेकॉर्ड प्लेअरच्या काळात अडचण उलटी होती. तबकडीच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईमुळे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये जेमतेम ५ मिलिव्होल्ट तयार होतात. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज असेल तर त्याच्याही दहावा-विसावा भाग. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, ते वाजवताना पूर्ववत करून घ्यावे लागतात. १९५४ च्या सुमारास आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचा वक्र सगळ्यांनी स्वीकारायला सुरुवात केली, तोवर हे दाबणं-उचलणं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करत असे. अमेरिकेत सॉल मरँट्झने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला 'ऑडिओ कन्सोलेट' हा प्रीअँप बनवला, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांसाठी वेगवेगळी जुळणी निवडता येत असे. त्या काळात प्रीअँपशिवाय पान हलत नव्हतं. सुईचा क्षीण सिग्नल शेकडो पटींनी वाढवणं हे त्याचं मुख्य काम होतं.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला आणि ही गरज एका फटक्यात संपली. सीडी प्लेअर पूर्ण पातळीच्या क्षणी साधारण २ व्होल्ट देऊ लागले, म्हणजे सुईच्या चारशेपट. पुढे वेगळे डॅक आले त्यांनीही हाच आकडा पाळला. बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट असेल तर बहुधा त्याच्या दुप्पट, ४ व्होल्ट.

आता पॉवर अँपकडे बघू. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर त्याच्या टोकांवर २८ व्होल्टच्या आसपास लागतात. बऱ्याच पॉवर अँपचा गेन २६ डेसिबलच्या आसपास, म्हणजे वीसपट असतो. २८ ला २० ने भागलं की येतात १.४ व्होल्ट. डॅकचे २ व्होल्ट थेट जोडले तर १०० वॉटचा अँप आपल्या पूर्ण ताकदीच्याही पलीकडे ढकलला जातो.

पण १०० वॉट रोज लागतात कुणाला? स्पीकर ८७ डेसिबलचा धरा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज देणारा. मध्यम आकाराच्या हॉलमध्ये अडीच-तीन मीटरवर बसून मोकळेपणाने ऐकायची सरासरी पातळी ७५ डेसिबल मानली, तर स्पीकरला सरासरी सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतात. वॉटमध्ये सांगायचं तर एक पंचमांश वॉट. अँपच्या इनपुटला त्यासाठी लागतात ६० मिलिव्होल्ट. ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली असेल, तर २ व्होल्टच्या डॅकमधून सरासरी पाव व्होल्ट येतो. तोही चौपट कमी करावा लागतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक केला की पंचविसावा-तिसावा भागच पुरतो.

या हिशेबातून एक गोष्ट लख्ख दिसते. आजच्या घरात प्रीअँप सिग्नल वाढवत नाही. तो नळासारखा असतो, धार कमी करतो आणि कुठल्या टाकीतून पाणी घ्यायचं ते ठरवतो. तरीही बाजारातले कितीतरी प्रीअँप अजून १०-१५ डेसिबल गेन घेऊन येतात. असा प्रीअँप २ व्होल्टच्या डॅकला जोडला की व्हॉल्यूमचा खटका घड्याळातल्या आठ-नऊच्या पुढे सरकवताच येत नाही. साध्या पोटेन्शिओमीटरची नेमकी तीच जागा सर्वांत वाईट असते. तिथे डावी आणि उजवी बाजू सारखी चालत नाही, गायकाचा आवाज मधोमध न राहता एका बाजूला झुकतो, आणि लोक दोष स्पीकरला देतात. म्हणून प्रीअँप घ्यायचाच तर गेन शून्यावर ठेवता येईल असा, किंवा रिलेच्या टप्प्यांनी व्हॉल्यूम बदलणारा घ्यावा.

आता डॅककडे येतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यामुळे आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि महागडा डॅक त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो, हा समज अजून जात नाही. तो चुकीचा आहे. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिलं, की सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले तर मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. पन्नाशीत बहुतेकांची मर्यादा बरीच खाली आलेली असते. बिटांची संख्या ठरवते ती फक्त तळाशी राहणारी सळसळ. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या आणि सुमारे ९६ डेसिबलची जागा मिळते. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल मिळतात, पण रेझिस्टरमधल्या उष्णतेमुळे होणारी सळसळ कुणालाच चुकत नाही. त्यामुळे उत्तमातला उत्तम डॅकही १२०-१३० च्या आसपास थांबतो.

आकड्यापेक्षा रचना महत्त्वाची, हे फिलिप्सने सुरुवातीलाच सिद्ध केलं होतं. त्यांच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये डॅकची चिप १४ बिटांचीच होती. पण ती चौपट वेगाने चालवून आणि सळसळ कानाच्या आवाक्याबाहेर वर ढकलून त्यांनी १६ बिटांच्या जवळची कामगिरी काढली. आजच्या बहुतेक डेल्टा-सिग्मा चिपा याच विचाराची पुढची पिढी आहेत.

रेझिस्टरच्या शिडीवर चालणाऱ्या आर-टू-आर डॅकचा एक वेगळा चाहतावर्ग आहे. त्यातले काही ओव्हरसॅम्पलिंग न करता चालतात. अशा डॅकमधून सीडीचा सिग्नल काढला की २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबल खाली येतो. हे गणिताने ठरलेलं आहे, ते कुणी मुद्दाम केलेलं नसतं. तो किंचित मऊपणा कुणाला आवडला तर जरूर घ्यावा, आवडीला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. मात्र त्याला 'जास्त तपशील' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत, कारण तिथे तपशील कमी झालेला असतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएमच्या चिप कारखान्याला भीषण आग लागली. पुरवठा तुटला आणि अनेक कंपन्यांना डॅकची रचना बदलून दुसऱ्याच कंपनीच्या चिपा बसवाव्या लागल्या. चिपेवरून आवाज ओळखू येतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या बदलाचा विचार करावा. चिपेभोवतीचा वीजपुरवठा, घड्याळ आणि आउटपुटचा भाग नीट असेल, तर दोन्ही घराण्यांच्या चिपांचे दोष कानाच्या मर्यादेच्या फार खाली राहतात.

ऐकण्याच्या चाचण्याही हेच सांगतात. बोस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांचा अभ्यास २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. एसएसीडी ही सीडीहून वरच्या दर्जाची डिस्क आणि तिचाच सीडीच्या दर्जावर उतरवलेला सिग्नल श्रोत्यांना न सांगता आलटून पालटून ऐकवला. ५५४ वेळा विचारून बरोबर उत्तरं आली निम्मी, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांचे निकाल एकत्र करून मांडले. तिथे बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, पण घर चालवणाऱ्या माणसाने त्यासाठी किती रुपये मोजायचे याचं उत्तर त्या आकड्यातच आहे.

आपण ऐकतो काय, तेही बघायला हवं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर खरखरीच्या वर गाण्याला मिळते ती जागा ३०-४० डेसिबलची. ती खरखर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये साठवली तरी खरखरच राहते. तिथे पैसा लागायला हवा तो चांगली तबकडी शोधण्यावर आणि ती नीट धुऊन योग्य सुईने उतरवून घेण्यावर.

फॉर्मॅटच्या स्टिकरांबद्दल एवढंच, की एमक्यूए या फॉर्मॅटचं नाव अनेक डॅकवर मोठ्या अक्षरांत झळकत होतं, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याची कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सीडीवर असतं ते साधं पीसीएम नीट वाजवणारा डॅक पुरतो.

मग डॅकमध्येच व्हॉल्यूम असेल तर वेगळा प्रीअँप कशाला? यावर नेहमीचा आक्षेप असा, की डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट गळतात. दर ६ डेसिबलला एक बिट, हे खरं आहे. पण १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या डॅकमध्ये गेलं की खाली ८ बिटांची, म्हणजे ४८ डेसिबलची मोकळी जागा असते. खरा मुद्दा वेगळा आहे. आवाज कमी केला तरी डॅकची स्वतःची सळसळ कमी होत नाही. ती किती असते ते मोजून बघू. ११५ डेसिबलचा डॅक म्हणजे २ व्होल्टच्या मानाने सळसळ ३.६ मायक्रोव्होल्ट. पॉवर अँपने ती वीसपट केली की ७१ मायक्रोव्होल्ट. आपल्या ८७ डेसिबलच्या स्पीकरवर ही सळसळ एक मीटरवर उणे ५ डेसिबल भरते, ऐकण्याच्या उंबरठ्याच्याही खाली. रात्री पंखा बंद करून बसलात तरी खोलीत २५-३० डेसिबल असतातच. अगदी सामान्य, ९५ डेसिबलचा डॅक घेतला तरी ती १५ डेसिबलपर्यंत येते आणि खोलीत बुडून जाते. अपवाद आहे तो शंभर डेसिबलच्या हॉर्न स्पीकरचा आणि भरमसाट गेन असलेल्या अँपचा. तिथे मात्र मधला अॅनालॉग व्हॉल्यूम कामाला येतो.

हाताने फिरवायच्या व्हॉल्यूमचा आग्रह मी धरतो तो दुसऱ्या कारणासाठी, आणि इथे हयगय करू नये. डॅक थेट पॉवर अँपला जोडलेला असतो. संगणकाचं अपडेट होतं, व्हॉल्यूम शंभरावर जातो, आणि पुढच्या क्षणी २ व्होल्ट अँपमध्ये शिरतात. वीसपट झाले की ते ४० व्होल्ट होतात. ८ ओहममध्ये ते २०० वॉट मागतात. अँप तेवढं देऊ शकला नाही तर कापलेली, विकृत लहर ट्वीटरवर आदळते, आणि ट्वीटरची कॉइल जळायला वेळ लागत नाही. म्हणून व्हॉल्यूम फोनवर किंवा संगणकावर सोपवू नये. डॅकच्याच अंगावर फिरवायचा खटका असावा, आणि बंद करून सुरू केल्यावर तो कमी पातळीवरूनच सुरू होतो का, हे दुकानातच तपासून घ्यावं.

वेगळा प्रीअँप कुणाला लागतो ते आता सांगता येतं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर सुईचा सिग्नल वाढवणारी फोनो स्टेज लागणारच. टीव्ही, सीडी, रेकॉर्ड अशी चार-पाच यंत्रं एकाच अँपवर चालवायची असतील तर निवडीचा खटका हवा. पॉवर अँप स्पीकरशेजारी आणि बाकी सगळं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर लांब केबल नीट हाकू शकेल असा आउटपुट हवा, आणि तो बॅलन्स्ड असला तर उत्तम. घरात इंटिग्रेटेड अँप्लिफायर असेल तर प्रीअँप त्याच्या पोटातच आहे. त्याला आणखी एक जोडणं म्हणजे व्हॉल्यूमचे दोन खटके एकामागे एक लावणं.

काही जण निव्वळ पोटेन्शिओमीटर डबीत बसवून 'पॅसिव्ह प्रीअँप' करतात. स्वस्त आणि मस्त. पण त्यातल्या पोटेन्शिओमीटरचं ओहममधलं मूल्य बघून घ्यावं. १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर असेल तर त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त अडीच किलोओहम होतो. ५० किलोओहमचं बसवलं तर साडेबारा. पाच मीटरच्या केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरली, तर या दुसऱ्या जोडणीत २० किलोहर्ट्झला २ डेसिबल गळतात. तीच डबी अर्ध्या मीटरच्या केबलवर निर्दोष चालते. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स मागच्या आउटपुटच्या निदान दहापट असावा, हा जुना नियम अजून तंतोतंत लागू आहे.

आपल्याकडच्या घरांत आवाज बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट यापैकी कुठलीच नसते. ती असते हमिंग. लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरवर, अँप दुसऱ्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटवर, आणि मधे यूएसबी केबल. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकरमधून 'हूं' ऐकू येतं. चार्जरची पिन भिंतीतून काढून बघा. आवाज थांबला तर गुन्हेगार सापडला. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची जाड केबलही काढून बघा. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, तो गळका प्रवाहही डॅकमध्ये उतरतो. उपाय साधे आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्यावीत, यूएसबीऐवजी टॉसलिंकची ऑप्टिकल केबल वापरावी, किंवा यूएसबी आयसोलेटर लावावा. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो. अँपची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये किंवा टेप लावून झाकू नये. ती तुमच्या जिवासाठी आहे. डॅक निवडताना ऑप्टिकल इनपुट आहे का हे मी चिपच्या नावाआधी बघतो ते यासाठी.

जिटरची, म्हणजे नमुन्यांच्या वेळेत होणाऱ्या सूक्ष्म चुकीची, भीती दाखवली जाते तिच्यात आता फारसा दम नाही. असिंक्रोनस यूएसबी असलेला डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि लॅपटॉपकडून लागेल तसा डेटा मागून घेतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी त्याऐवजी सॉकेटांची काळजी करावी. खाऱ्या, दमट हवेत आरसीएच्या टोकांवर थर चढतो, पोटेन्शिओमीटर खरखरू लागतं. पावसाळा संपला की प्लग काढून पुसून पुन्हा घट्ट बसवले तर बरेच 'बिघडलेले' डॅक बरे होतात.

दोन डॅक खरोखर ताडून बघायचे असतील तर मल्टिमीटर हवा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो, म्हणून आधी पातळी सारखी करावी. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावावा, कारण साधे मल्टिमीटर वरच्या कंपनसंख्यांना चुकतात. स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजावे. एका डॅकवर २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यावर २.०२ च्या आत आणावेत, म्हणजे फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी राहतो. मग घरातल्या कुणाला तरी केबल बदलायला सांगावं आणि कुठला डॅक चालू आहे ते आपल्याला कळू देऊ नये. यासाठी माझ्या माहितीत तानपुऱ्यासारखं साधन नाही. त्याची जवारी वरच्या स्वरांशांनी भरलेली असते, आणि तीच चार तारांची आवर्तनं अखंड चालू राहतात. गाणं पुढे सरकलं म्हणून फरक वाटला, अशी पळवाट कानाला मिळत नाही. तानपुऱ्यावर दहापैकी नऊ वेळा डॅक ओळखता आला तर फरक खरा समजावा. पाच-सहा वेळा ओळखला तर स्वस्त डॅक घ्यावा.

ज्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही, स्रोत दोन-तीनच आहेत आणि पॉवर अँप जवळ आहे, त्याच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. यूएसबी आणि ऑप्टिकल इनपुट, अंगावर व्हॉल्यूमचा खटका, २ व्होल्ट आउटपुट आणि आउटपुट इम्पिडन्स शंभर-दोनशे ओहमच्या आत असलेला एकच डॅक घ्यावा, वेगळा प्रीअँप घेऊ नये. रेकॉर्ड ऐकणाऱ्याने फोनो स्टेजवर मन लावून खर्च करावा, तिथे ५ मिलिव्होल्टचा सिग्नल आहे आणि तिथली सळसळ खरोखर ऐकू येते. उरलेले पैसे स्पीकरला द्यावेत, आणि स्पीकर मनासारखे असतील तर खोलीला. दोन स्पीकरांमधला फरक अनेक डेसिबलांत मोजला जातो, दोन चांगल्या डॅकमधला एका डेसिबलच्या लहानशा अंशात.